‘पाता पाता’ गाणाऱ्या बाईला सरकार का घाबरलं?

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सातला झुंबाचा वर्ग भरतो. गाणी खाली पार्किंगपर्यंत ऐकू येतात आणि त्यात ‘पाता पाता’ ठरलेलं असतं. शब्द कुणालाच कळत नाहीत, पाय मात्र आपोआप हलतात. मलाही कित्येक वर्षं ते कुठल्याशा बेटावरचं सुट्टीच्या मूडचं गाणं वाटायचं. मग कधीतरी कळलं की ते गाणारी मिरियम मकेबा दक्षिण आफ्रिकेची. तिच्या सरकारनं तिला आईच्या अंत्यविधीला येऊ दिलं नाही, पुढं नागरिकत्वही काढून घेतलं आणि ती सुमारे 31 वर्षं मायदेशाबाहेर राहिली. साहजिकच प्रश्न पडला: असं होतं तरी काय त्या गाण्यात?

त्या गाण्यात खरंच काही नाही. ‘पाता’ म्हणजे स्पर्श. जोहान्सबर्गच्या गुत्त्यांमध्ये एक नाच चालायचा, त्याचं हे नाव. मकेबाला स्वतःला हे गाणं अगदी किरकोळ वाटायचं. आपण इतकं काय काय गायलो आणि जगानं नेमकं हेच उचललं, याचं तिला नवल वाटायचं.

‘कलाकारानं आपलं गावं, राजकारण कशाला करावं?’ हे वाक्य आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी कुठल्या ना कुठल्या नटाच्या किंवा गायकाच्या निमित्तानं फिरतं. ते मकेबाला लावून पाहण्यासारखं आहे. कारण ती शेवटपर्यंत म्हणत आली, की मी राजकीय गायिका नाहीच, मी माझ्या आयुष्याबद्दल गाते. मला वाटतं, ती खरंच बोलत होती, आणि घोटाळा तिथंच होता.

अठरा दिवसांची कैदी

मकेबाचा जन्म 4 मार्च 1932 चा, जोहान्सबर्गमधल्या एका काळ्या वस्तीतला. वडील खोसा जमातीचे, ते लवकर वारले. आई स्वाझी; गोऱ्यांच्या घरी कामाला जायची. चार पैसे जोडावेत म्हणून ती घरी उमकोंबोती करून विकायची. उमकोंबोती म्हणजे मका आणि मोड आलेल्या ज्वारीपासून आंबवलेली बिअर. गावाकडे सणासमारंभाला हमखास लागणारी गोष्ट. पण शहरात काळ्या माणसानं ती घरी करून विकणं गुन्हा होता. मिरियम अठरा दिवसांची असताना आईला पकडलं. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून सहा महिने कैद झाली. तान्ही मुलगी आईबरोबर आत गेली.

तिचं घरचं नाव झेंझिले. बाळंतपण जिवावर बेतेल असं आजीनं आधीच बजावलं होतं आणि प्रसूतीच्या कळा चालू असताना ती पुटपुटत होती, ‘उझेंझिले’. म्हणजे, केलंस ना आपल्याच हातानं! त्या पुटपुटण्याचंच नाव झालं.

पुढं प्रिटोरियात आजीकडे वाढणं, मिशनरी शाळेतला गायनवर्ग, घरकामाच्या नोकऱ्या, लवकर झालेलं आणि लवकर मोडलेलं लग्न, अठराव्या वर्षी मुलगी, बोंगी. तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांचं आयुष्य असंच गेलं. फरक एवढाच, की हिचा आवाज वेगळा होता.

वर्णभेद म्हणजे नेमकं काय?

आपण ‘वर्णभेद’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर अपमान येतो: वेगळा बाक, वेगळा नळ, वेगळा डबा. या गोष्टी आपल्या समाजाला अनोळखी नाहीत, त्यामुळे ते पटकन समजल्यासारखं वाटतं. दक्षिण आफ्रिकेत मात्र त्यापलीकडची एक गोष्ट होती. तिथं भेदभाव ही सरकारी खात्यांनी फायली लावून चालवलेली व्यवस्था होती. त्यांचा शब्द ‘अपार्थाइड’, अर्थ ‘वेगळेपणा’. तो आफ्रिकान्स भाषेतला, म्हणजे तिथं स्थायिक झालेल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या बोलीतला.

पाया जुना होता. 1913 च्या जमीन कायद्यानं बहुसंख्य काळ्या लोकांसाठी देशातली जेमतेम 7 टक्के जमीन ठेवली होती. 1948 साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि तिनं जुन्या अन्यायाला नियमांची चौकट बसवली. 1950 साली प्रत्येक माणसाची वंशवार नोंद करणारा कायदा आला. कुणी कुठल्या गटात, हे ठरवायला अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहायचे. पेन्सिल खाली पडली तर एक गट, अडकली तर दुसरा. त्याच साली कुठल्या वंशानं शहराच्या कुठल्या भागात राहायचं, तेही कायद्यानं ठरलं.

रोजच्या जगण्याला सगळ्यात जास्त काचणारी वस्तू होती ‘पास’. मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर कामवाल्या मावशींना फोटोचं कार्ड दाखवावं लागतं, कुठल्या फ्लॅटमध्ये, किती वाजेपर्यंत, याची नोंद होते. आता कल्पना करा, की ते फाटक एका सोसायटीचं नसून सगळ्या शहराचं आहे. वॉचमनच्या जागी पोलीस आहे. कार्डावर मालकाची सही नसली किंवा कार्ड घरी राहिलं, तर थेट कोठडी. आणि कार्ड बाळगायची सक्ती फक्त एका रंगाच्या माणसांना. (आपल्या फाटकावरचं कार्ड तरी आपल्याला खटकतं का, हा प्रश्न मी इथं सोडून देतो.) ही सक्ती बायकांवरही येऊ लागली तेव्हा 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे 20,000 बायका प्रिटोरियात सरकारी मुख्यालयावर चालून गेल्या.

तेव्हा घरी बिअर आंबवणं, कामाच्या शोधात शहरात येणं, नवऱ्यासोबत त्याच्या खोलीवर राहणं, रात्री उशिरा रस्त्यानं चालणं, यांतलं काहीही केव्हाही गुन्हा ठरू शकत होतं. हे नीट डोक्यात बसलं, की मकेबाच्या गाण्यांचं कोडं निम्मं सुटतं.

पण हे जॅझ आहे का?

मकेबाला जॅझ गायिका म्हटलं की जाणकार नाक मुरडतात: मकेबा म्हणजे आफ्रिकी लोकगीतं, जॅझ कुठलं? त्यांच्या शंकेत तथ्य आहे, पण अर्धंच.

जॅझ जन्मलं अमेरिकेत, गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांमध्ये. त्याच्या तबकड्या बोटीनं जगभर गेल्या. मुंबईत त्या आल्या आणि गोव्याच्या वादकांनी हॉटेलांमधून ते संगीत वाजवायला घेतलं. अल्दोनाचा चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवता वाजवता हिंदी सिनेमाच्या संगीतापर्यंत पोचला. त्याच तबकड्या जोहान्सबर्गच्या काळ्या वस्त्यांतही पोचल्या. तिथं आधीपासून ‘माराबी’ नावाचं गुत्त्यातलं पियानोसंगीत होतं, चर्चमधलं समूहगान होतं, झुलू आणि खोसा लग्नगीतं होती. जॅझ या सगळ्यात मिसळलं. एला फिट्झजेराल्ड आणि बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकांना ऐकत वाढलेली मकेबा खोसा लग्नगीतही त्याच वळणानं म्हणायची. माहेरचं सोनं मोडून नवीन घडणावळीचा दागिना करतात, तसं ते होतं.

1950 च्या दशकात ती मॅनहॅटन ब्रदर्स या पुरुषांच्या गायनचमूत आली. चार काळे तरुण स्वतःला न्यूयॉर्कच्या एका भागाचं नाव लावतात, यातच बरंच काही आलं. मग ‘स्कायलार्क्स’ हा मुलींचा गट आणि 1959 साली ‘किंग काँग’ या जॅझ संगीतिकेत गुत्त्याच्या मालकिणीची भूमिका. अशा गुत्त्याला तिकडे ‘शेबीन’ म्हणतात. काळ्या लोकांना उघडपणे दारू विकत घेता येत नव्हती, म्हणून बायका घरच्याच खोलीत चोरून हा धंदा चालवायच्या. ज्या धंद्यापायी आई तुरुंगात गेली, त्याच धंद्यातली बाई रंगमंचावर उभी करून मुलगी नावारूपाला आली.

राजकारण गाण्यात शिरतं कुठून?

एक गाणं घेतो, म्हणजे मुद्दा सोपा होईल. ‘लाकुत्शोना इलांगा’. शब्द खोसा भाषेतले, चाल संथ, मॅनहॅटन ब्रदर्सबरोबर मकेबानं गायलेलं. आशय असा: सूर्य मावळायला येतो, गुरं घरी परततात, तेव्हा मला तुझी आठवण येते. मी तुला शोधेन घराघरांत, रस्त्यारस्त्यांवर, दवाखान्यांत आणि तुरुंगांत, तू सापडेपर्यंत.

दिवेलागणीची वेळ, गुरांच्या पायांची धूळ, घरी न आलेलं माणूस. इथवर हे आपल्या कुठल्याही गावातलं विरहगीत आहे. मग ‘तुरुंगांत’ हा शब्द येतो आणि आपण थबकतो. प्रेमगीतात तुरुंग कशाला? आपलं माणूस संध्याकाळी घरी आलं नाही तर आपण आधी फोन लावू, मग मित्रांकडे विचारू, फार तर दवाखान्यात चौकशी करू. जोहान्सबर्गच्या काळ्या वस्तीत या यादीत तुरुंग आपोआप येत होता, कारण पास खिशात नसला की माणूस रस्त्यावरून उचललं जायचं आणि घरी निरोपही मिळायचा नाही. कवीनं सरकारवर टीका केलेली नाही. त्यानं फक्त हरवलेलं माणूस जिथं जिथं शोधतात ती ठिकाणं सांगितली.

पुढचा भाग आणखी बोलका आहे. अमेरिकेत खपावं म्हणून याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले गेले. त्यात प्रियकर गोड गोड खोटं बोलतो, असा सगळा मामला झाला. दवाखाना गेला, तुरुंग गेला, गुरंही गेली. ही आवृत्ती 1956 साली बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत झळकली. म्हणजे गाण्यातलं राजकारण काढायचं, तर त्यातलं खरं आयुष्यच काढावं लागलं.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत. सासूला तोंडावर जे बोलता येत नाही ते पहाटे दळताना बोलता येतं, कारण ते ‘गाणं’ असतं. दक्षिण आफ्रिकेत हीच सोय मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. सोफियाटाऊन ही जोहान्सबर्गमधली संगीत आणि साहित्यानं गजबजलेली काळी वस्ती. 9 फेब्रुवारी 1955 पासून ती रिकामी करायला सुरुवात झाली आणि लोकांना लांब मेडोलँड्स इथं नेऊन टाकलं. रिकाम्या जागी गोऱ्यांची वसाहत उभारून तिला नाव दिलं ‘ट्रायोम्फ’, म्हणजे विजय. त्यावर एक ठेकेबाज गाणं निघालं, ‘मेडोलँड्स’. सरकारी माणसांना ते स्थलांतराचं गुणगान वाटलं. गाण्यात वस्तीच्या बोलीत मात्र म्हटलं होतं, की आम्ही हलणार नाही, इथंच राहणार. बोली न शिकण्याचा तोटा राज्यकर्त्यांनाही होतो.

आणि काही गाणी सरळ होती. व्हुयिसिले मिनी या कामगार नेत्यानं पंतप्रधान फर्वूर्ड यांना उद्देशून ‘न्दोदेमन्यामा’ रचलं: काळा माणूस येतोय, सांभाळून राहा. चाल इतकी आनंदी, की अर्थ माहीत नसेल तर वरातीत वाजवाल. मिनीला 6 नोव्हेंबर 1964 रोजी फाशी झाली. मकेबा आणि अमेरिकन गायक हॅरी बेलाफोंटे यांनी अमेरिकेत केलेल्या ज्या तबकडीला 1966 साली ग्रॅमी मिळालं, तिच्यात हे गाणं आहे.

गाणाऱ्या बाईचा पासपोर्ट कशासाठी रद्द करायचा?

लायोनेल रोगोसिन नावाचा अमेरिकन दिग्दर्शक 1950 च्या दशकाच्या अखेरीस जोहान्सबर्गला आला. त्याला काळ्या मजुरांच्या हालांवर चित्रपट करायचा होता. अधिकाऱ्यांना त्यानं सांगितलं, की मी इथल्या संगीतावर चित्रपट करतोय, आणि त्यांचा विश्वास बसला. का बसला? कारण काळे लोक सुखी आहेत, गातात, नाचतात, हीच त्या सरकारची जगाला दाखवायची बाजू होती. ‘कम बॅक, आफ्रिका’ हा तो चित्रपट. मकेबा त्यात शेबीनमध्ये बसून दोन गाणी म्हणते, एवढंच तिचं काम. 1959 साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, ती तिथं गेली, मग लंडन, मग न्यूयॉर्क. बेलाफोंटेनं तिला हाताशी धरलं. मुलगी मागं आजीजवळ राहिली होती, ती नंतर आली.

21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल इथं पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकडा 69 मृत. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. त्याच वर्षी मकेबाची आई गेली. अंत्यविधीला जाण्यासाठी ती न्यूयॉर्कमधल्या दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत गेली, तेव्हा तिच्या पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का मारला गेला. तोवर तिनं कुठलंही मोठं भाषण केलेलं नव्हतं.

भाषण नंतर आलं. जुलै 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी विशेष समितीपुढं तिनं साक्ष दिली आणि सरकारची आर्थिक कोंडी करा, शस्त्रं विकू नका, असं मागितलं. विकलेली शस्त्रं बायकामुलांवरच चालणार, हा तिचा मुद्दा. इथं भारताचा धागा खराखुरा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरचे अन्याय भारतानं 1946 सालीच संयुक्त राष्ट्रांत नेले होते आणि त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देशही भारतच. या विशेष समितीचं कामकाज सांभाळणारे सचिव ई. एस. रेड्डी हे आंध्रातले. आणि पास जाळण्याची कल्पना म्हणाल, तर गांधींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी ऑगस्ट 1908 मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात आपले नोंदणीचे दाखले जाळले होते.

साक्षीनंतर तिचं नागरिकत्व गेलं, तिच्या तबकड्यांवर मायदेशात बंदी आली. नागरिकत्व जाणं म्हणजे काय, हे आपल्याला चटकन जाणवत नाही. भाडेकरूला मालकानं घर सोडायला सांगणं वेगळं. इथं तुम्ही या घरात जन्मलाच नव्हता, असं सांगितलं जातं. अशा माणसाला देशहीन म्हणतात. कुठल्याही विमानतळावर त्याच्या बाजूनं उभं राहणारं कुणी नसतं. आफ्रिकेतल्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनी मकेबाला आपले पासपोर्ट देऊ केले. आयुष्यभरात तिच्याकडे एकूण नऊ देशांचे पासपोर्ट झाले. ऐकायला ऐटबाज वाटतं. नऊ घरांत पाहुणी म्हणून राहण्यासारखंच ते.

भाषण तर शेकडो जण करत होते, मग हिची एवढी धास्ती का? रोगोसिनला दिलेली परवानगी आठवा. ज्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या आफ्रिकी बाईकडे बोट दाखवून सरकार म्हणत होतं ‘बघा, सुखात आहेत’, तीच बाई माईकपुढं येऊन म्हणत होती, ‘हे खोटं आहे.’ साक्षीदार उलटला होता, आणि त्याला सगळं जग ओळखत होतं.

‘तो आवाज कसा काढता?’

थोडं विषयांतर, पण मला फार आवडणारं. अमेरिकेत मकेबाचं ‘कोंगकोथ्वाने’ हे खोसा लग्नगीत तुफान चाललं, कारण त्यात जिभेचे टकाटक आवाज येतात. इंग्रजांनी त्याला ‘क्लिक साँग’ असं नाव दिलं. मकेबा कार्यक्रमात हसत सांगायची, की त्यांना मूळ नाव उच्चारता येत नाही म्हणून. लोक विचारायचे, हा आवाज कसा काढता? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: तो आवाज नाही, ती माझी भाषा आहे.

मराठी माणसाला हे आवाज अजिबात परके नाहीत. कुणाचं वाईट ऐकलं की आपण ‘च्च च्च’ करतो, तो दातांमागचा आवाज. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेनं जो काढतो तो दुसरा. पोरं घोड्याच्या टापांची नक्कल करताना टाळूवरून जीभ सोडून ‘टॉक’ करतात, तो तिसरा. आपल्याकडे ते भाषेच्या उंबऱ्याबाहेर राहिले. खोसात ते क, ख, ग सारखी सरळ व्यंजनं आहेत; ‘खोसा’ या नावाचं पहिलं अक्षरच टांगेवाल्याचं आहे. आपण लिहितो तो ‘ख’ ही निव्वळ तडजोड.

‘अमेरिकेनं तरी डोक्यावर घेतलं ना?’

घेतलं. 19 मे 1962 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात ती गायली. 1967 साली ‘पाता पाता’ बिलबोर्ड यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं.

मार्च 1968 मध्ये तिनं स्टोकली कारमायकेलशी लग्न केलं. त्रिनिदादमध्ये जन्मलेला हा तरुण ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा घराघरांत पोचवणारा, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाशी जोडलेला. (याच पक्षाच्या नावावरून मुंबईत 1972 साली दलित पँथर उभी राहिली.) लग्नानंतर मकेबाचे कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले, तबकड्यांचे करार बारगळले. तिनं अमेरिकेविरुद्ध एकही नवं गाणं म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवेपर्यंत ती लाडकी होती. नवरा मुसळाबद्दल बोलू लागला, तशी टाळी थांबली.

दोघं पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात राहायला गेली.

‘पण तिथं ती हुकूमशहाच्याच आश्रयाला राहिली’

हा आक्षेप मला खरा वाटतो आणि तो झटकून टाकता येत नाही. गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी फ्रेंचांपुढं न वाकता 1958 साली स्वातंत्र्य घेतलं, कलेला मोठा राजाश्रय दिला. याच तुरेंच्या राजवटीत विरोधकांना कँप बोइरो नावाच्या तुरुंगात डांबून मारलं जात होतं. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली हे गिनीचेच. ते 1977 साली त्याच तुरुंगात मेले. मकेबा त्या काळात तुरेंच्या मर्जीतली होती, गिनीची प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रांत बोलत होती. यजमानाच्या तुरुंगाबद्दल ती गप्प राहिली.

कारणं समजू शकतात. ज्याला एका देशानं हाकललं आणि दुसऱ्यानं हळूच दार लावलं, तो तिसऱ्याच्या ओसरीवर बसून वाद घालत नाही. पण समजणं म्हणजे माफ करणं नाही. तिच्या फोटोला हार घालणारे लेख हा भाग गाळतात, ते मला पटत नाही. 1985 साली तिची एकुलती एक मुलगी बोंगी बाळंतपणात गेली. गिनीतच तिला पुरलं. त्यानंतर मकेबानं तो देश सोडला आणि ब्रसेल्स गाठलं.

‘बहिष्कारानं कलाकारांचंच नुकसान होतं’

सांस्कृतिक बहिष्कार म्हणजे त्या देशात जाऊन गायचं नाही, खेळायचं नाही, त्यांच्या संघांना बोलवायचं नाही. 1968 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तसं आवाहन केलं. आपल्याला याची ओळख क्रिकेटमुळे आहे: दक्षिण आफ्रिकेचा संघ पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो नोव्हेंबर 1991 मध्ये, कोलकात्याला. त्याआधी 1974 साली भारतानं टेनिसच्या डेव्हिस चषकाची अंतिम लढतच सोडून दिली, कारण समोर दक्षिण आफ्रिका होती. अमृतराज बंधूंच्या हातून तो चषक गेला. तत्त्वाची किंमत कुणीतरी मोजतं, आणि पुष्कळदा ज्यानं ठराव मांडला तो मोजत नाही.

काळ्या संगीतकारांचं तेच झालं. सरकार त्यांना रेडिओवर दाबत होतं आणि बाहेरचं जग त्यांच्याशी काम करायला कचरत होतं. पॉल सायमन या अमेरिकन गायकानं 1985 साली जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या काळ्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा बहिष्कार मोडला म्हणून गदारोळ झाला. लंडनमध्ये निदर्शनं झाली. पण त्याच गाण्यांच्या 1987 च्या जगदौऱ्यात मकेबा आणि तिचा एकेकाळचा नवरा, ट्रंपेटवादक ह्यू मासेकेला, हे दोघंही सायमनबरोबर उभे होते. ज्या बाईनं संयुक्त राष्ट्रांत आर्थिक कोंडी मागितली, तिनंच हे करावं? मला यात विसंगती दिसत नाही. दुकानदारावर बहिष्कार घालताना त्याच्या दुकानातल्या पोऱ्याचं जेवण तोडायचं नसतं. हां, दुकानदार आणि पोऱ्या यांच्यातली रेघ प्रत्येक वेळी इतकी स्वच्छ नसते, हेही खरं.

गाण्यानं सरकार पडतं का?

नाही. संप, भूमिगत चळवळ, तुरुंगातली माणसं, परदेशी बँकांनी आखडलेला हात, शीतयुद्धाचा शेवट, या सगळ्यांनी मिळून ते सरकार टेकीस आणलं. पण पैसा थांबवायचा तर लंडन-न्यूयॉर्कच्या सामान्य माणसाला ‘तिथली’ माणसं माणसं वाटावी लागतात. हे काम अहवालांनी होत नाही. शस्त्रविक्री थांबवण्याचं पहिलं, ऐच्छिक आवाहन सुरक्षा परिषदेनं ऑगस्ट 1963 मध्ये केलं, मकेबाच्या साक्षीनंतर काही आठवड्यांत. ते तिच्यामुळेच झालं असं म्हणणं बढाई ठरेल. सक्तीची बंदी यायला तर 1977 उजाडलं.

फेब्रुवारी 1990 मध्ये नेल्सन मंडेला सुटले आणि त्यांनी तिला परत ये म्हटलं. 10 जून 1990 रोजी ती जोहान्सबर्गला उतरली. हातात फ्रान्सचा पासपोर्ट, त्यावर सहा दिवसांचा व्हिसा.

शेवटचा कार्यक्रम

सप्टेंबर 2008 मध्ये इटलीत नेपल्सजवळच्या कास्तेल व्होल्तुर्नो या गावी तिथल्या माफियानं, कामोरानं, सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या. कामोराविरुद्ध लिहिणारा लेखक रोबेर्तो साव्हियानो तेव्हा पोलीस पहाऱ्यात राहत होता. त्याच्या पाठिंब्यासाठी 9 नोव्हेंबरला त्याच गावात कार्यक्रम ठेवला. मकेबा 76 वर्षांची, तब्येत बरी नव्हती, तरी आली. गाणं संपवून ती कोसळली आणि थोड्या वेळानं दवाखान्यात तिचा मृत्यू झाला. शेवटी म्हटलेलं गाणं ‘पाता पाता’ होतं.

2020 च्या कोविडमध्ये युनिसेफनं तेच गाणं बेनिनची गायिका आंजेलिक किजो हिच्या आवाजात पुन्हा काढलं, ‘नो पाता पाता’ असं. हात लावू नका.

ऐकायचं असेल तर

1966 साली स्टॉकहोममध्ये झालेल्या तिच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण सहज सापडतं. त्यापासून सुरुवात करा. मग ‘लाकुत्शोना इलांगा’ शोधा आणि लगेच त्याची इंग्रजी आवृत्ती लावा. चाल तीच आहे. दवाखाने आणि तुरुंगांची ओळ जिथं यायला हवी, तिथं काय येतं, तेवढं कान देऊन ऐका.